वाघीण म्हटल्यावर

ताईबाईने मुलाला फोन लावला तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. नीलेश सुरतला एका साड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर होता, बायको ऋतिकाही सुरतलाच नोकरीला होती. या वेळी तो गेटपाशी गाडी लावत असणार हे तिला ठाऊक होतं. पण दुपारवर ढकललं तर आपल्याच्याने पुन्हा फोन लावला जायचा नाही, हेही ठाऊक होतं.

"निलू, डॉक्टरबाई म्हणतात ऑपरेशन करावं लागेल."

"कसलं?"

ताईबाई अडखळली. पाळी जाऊन सहा वर्षं झाली आणि आता पुन्हा अंगावरून जायला लागलंय, तुकडा काढून तपासला तर रिपोर्टात संशय आलाय, आता पिशवीच काढायची म्हणतात, हे सगळं बत्तीस वर्षांच्या पोराला कुठल्या तोंडाने सांगायचं?

"पोटाचं," ती म्हणाली. "जळगावला करायचंय. तीन-चार दिवस राहावं लागेल. सोबत कुणीतरी पाहिजे म्हणतात."

"कधी?"

"गुरुवारी."

"अरे यार." मागून कुणीतरी त्याला हाक मारत होतं. "आई, या आठवड्यात मला हलताच येणार नाही. ऋतिकाची पण रजा संपलीये. झिपरूमामा आहे ना तिकडे जवळ? आणि तुला काय गं, तू वाघीण आहेस. डॉक्टरच घाबरतील तुला."

तो हसला. तीही हसली. या वाक्यावर हसायचं असतं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

वाघीण हे नाव तिला एकवीस वर्षांपूर्वी पडलं. नवरा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होता, तो त्याच्या तीन वर्षं आधी अचानक गेला. अनुकंपेवर तिला कंडक्टरची नोकरी मिळाली. पस्तीस वर्षांची विधवा बाई, पदरात आठ वर्षांचा मुलगा. धुळे डेपोत तेव्हा बायका कंडक्टर बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. दोन हजार चारच्या मे महिन्यात, भर लग्नसराईत, दुपारच्या धुळे-भडगाव गाडीत मागच्या बाकावर चौघे बसले होते. त्यातल्या एकाने तिकिटाचे पैसे देता देता तिचं मनगट धरलं आणि सोडेना. दुसरा हात कमरेकडे आला. बाकीचे तिघे हसत होते. पुढचं ताईबाईला नीट आठवत नाही. हातातली तिकिटांची पत्र्याची पेटी त्या माणसाच्या कपाळावर बसली आणि रक्त आलं, एवढंच. ड्रायव्हर जीवरामने गाडी थेट पोलीस ठाण्याच्या आवारात नेऊन उभी केली.

दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो आला. वर मोठ्या अक्षरात: एसटीतली वाघीण.

डेपोत तसं प्रत्येकाला काही ना काही नाव होतंच. कधी रजा न मागणाऱ्या जीवरामला बैल म्हणत. टाइमकीपरला कोल्हा म्हणत. ती नावं माणूस उठून गेला की निघायची. ताईबाईचं नाव मात्र तिच्या तोंडावर घेतलं जायचं, शाल-श्रीफळ देऊन, माइकवरून.

पोलीस ठाण्यातून आल्यावर ती काय करत होती, ते कुणी पाहिलं नाही. महिला कर्मचाऱ्यांच्या खोलीमागच्या मोरीत ती दाराला कडी लावून बसली होती. गाडीतच तिचे कपडे ओले झाले होते. ते तिने धुतले, अंगावरच वाळवले, आणि ते वाळेपर्यंत दात वाजू नयेत म्हणून तोंडात ओढणीचा बोळा धरला. त्यानंतर महिनाभर गाडी भरली की तिच्या पाठीला घाम फुटायचा. शेवटी ती डेपो मॅनेजरकडे गेली. म्हणाली, साहेब, मला थोडे दिवस बुकिंगच्या खिडकीत बसवा.

साहेब खदखदून हसले. "ताईबाई, वाघिणीला पिंजऱ्यात कशाला ठेवू? तुम्ही गाडीवर असल्या की आम्हाला काळजी नाही."

ती गाडीवर राहिली. पुढची वीस वर्षं, गेल्या साली निवृत्त होईपर्यंत. खोटं कशाला बोला, नाव तिला आवडायलाही लागलं होतं. त्या नावाने टवाळ पोरं गप्प बसत, सासरचे लोक जपून बोलत. नवीन लागलेल्या मुली तिच्याकडे बघत राहत. कुणी रडायला आली की ताईबाई म्हणायची, "डोळे पूस. शेळीसारखी काय बेंबटतेस?" तेही तिला शोभून दिसायचं.

सुरतचा फोन ठेवल्यावर तिने मुक्ताईनगरला भावाला लावला. खरं तर धुळ्यात दवाखाने कमी नव्हते. जळगावच्या डॉक्टरीणबाईंचं नाव निघालं तेव्हा ती लगेच हो म्हणाली, ती झिपरूचा मळा तिथून दीड-दोन तासांवर म्हणून.

"अक्का, नेमकी केळीची कटाई चालू शे," झिपरू म्हणाला. "माणसं लावलीयेत, रोज गाडी भरायची. मी हाललो की बठ्ठा माल उन्हात पडेल."

"मग बेबाला पाठवतोस का दोन दिवस?"

"तिला?" झिपरू मोठ्याने हसला. "ती तर गाय शे. एकटी ती जळगावलोक तरी पोचेल का? दवाखान्याच्या वासानंच चक्कर येते तिले. तुले सांभाळायचं का तिले? अक्का, तू तर आपल्या घरातली वाघीण. तुले काय कुणाची गरज?"

"हो, तेही खरंच," ताईबाई म्हणाली, आणि हसली.

शेजारची साबेरा तिच्या हाकेवर होती. साबेराचा नवरा खाजा सीट-कव्हरं शिवायचा, घर भिंतीला भिंत लागून. पण तिला सांगायला ताईबाईची जीभ वळली नाही. गुरुवारी सकाळी बॅग घेऊन निघाली तेव्हा साबेरा दारात कोथिंबीर निवडत होती.

"कहां निघाल्या, आपा?"

"भावाकडे. चार दिवस."

"आराम करा मग," साबेरा म्हणाली.

जळगावच्या गाडीला कंडक्टर निघाली मोनाली. तिला ताईबाईनेच पहिल्या पंधरवड्यात सगळं शिकवलं होतं. मोनालीने तिला बघितलं आणि भरल्या गाडीत ओरडली, "अरे! आज वाघीण बसली आपल्या गाडीत!"

पुढच्या बाकावर जागा झाली. पारोळा येईपर्यंत मोनालीने अख्ख्या गाडीला गोष्ट सांगून टाकली. तिच्या गोष्टीत चौघांचे सात झाले होते आणि ताईबाईने एकाला कॉलरला धरून चालत्या गाडीतून खाली ढकललं होतं. एका म्हातारीने मागून हात लांबवून ताईबाईच्या पाठीवर थोपटलं. कॉलेजच्या दोन मुलींनी फोटो काढला. ताईबाईने फोटोसाठी मान ताठ केली. पोटात खालच्या बाजूला सारखं ओढल्यासारखं होत होतं.

एरंडोलच्या पुढे गर्दी उतरली तेव्हा मोनाली तिच्याजवळ येऊन बसली. "जळगावला काय काम काढलं, अक्का?"

"दवाखान्यात भरती व्हायचंय."

"बरं नाही का?"

ताईबाईने तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षांची पोर, खांद्यावर तिकिटाचं मशीन, डोळ्यांत नुसतं कौतुक. हिला सांगावं, असं वाटलं. आयुष्यात एकदा कुणाला तरी सांगून बघावं.

"मोनाली, मला भीती वाटतेय गं," ती हळूच म्हणाली.

 मोनालीने ताईबाईच्या मांडीवर चापट मारली. "काय अक्का! माझी फिरकी घेता!" आणि हसत हसत उठून, उतरणाऱ्यांसाठी दोरी ओढायला गेली.

दवाखाना चार मजली होता. खाली औषधांचं दुकान, वर वॉर्ड. खिडकीतल्या मुलीने फॉर्म पुढे सरकवला. नाव, वय, पत्ता, सगळं ताईबाईने ठसठशीत अक्षरात भरलं. एका रकान्यावर पेन थांबलं.

"सोबत कोण आहे?" मुलीने विचारलं.

"कुणी नाही. माझी मीच सही करते."

"तुमची तर लागेलच मावशी, पण नातेवाइकाचीही लागते. उद्या सकाळी आठला ऑपरेशन आहे. तोपर्यंत बोलावून घ्या कुणालातरी."

"बघते," ताईबाई म्हणाली.

तिला तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळची खाट मिळाली. शेजारच्या खाटेवरच्या बाईभोवती पाच माणसं होती. एक पाय चेपत होती, एक सफरचंद कापत होती, एक नुसतीच कुरकुरत होती. ताईबाईने बॅगेतून टॉवेल काढला, घडी केला, पुन्हा बॅगेत ठेवला. नर्स येऊन हाताला सुई टोचून गेली. "वा, तुम्ही हूं का चूं केलं नाही," नर्स म्हणाली. ताईबाईने मोबाइल हातात घेतला. जीवराम, मोनाली, युनियनचे दोघे-चौघे, गल्लीतल्या बायका अशी सगळी नावं वरून खाली पाहिली आणि मोबाइल उशीखाली सारला. कुणालाही लावला असता तरी उत्तर काय येणार ते तिला माहीत होतं.

चारच्या सुमाराला वॉर्डच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, पदराचं टोक नाकाशी घट्ट धरलेलं, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. ती प्रत्येक खाटेकडे बघत बघत पुढे येत होती. ताईबाईला ओळखायला वेळ लागला. बेबाबाईला तिने घराबाहेर एकटी अशी कधी बघितलीच नव्हती.

"बेबा? तू कशी काय? झिपरू कुठे?"

"ते मळ्यात शेतस." बेबाबाईने खाटेचा कठडा धरला. चेहरा पांढराफटक पडला होता. "त्यासले सांगं नही मी. शेजारनीजवळ निरोप ठेवी उनू."

बेबाबाईचं माहेर भडगावकडचं. तीस वर्षं मुक्ताईनगरात काढूनही घाबरली की तिच्या तोंडात माहेरची बोली यायची.

"अगं पण एकटी..."

"भुसावळले गाडी बदलनी. मंग आठे जळगावले रिक्षा करी. रिक्षावाल्यानी दोनदा चुकीच्या दवाखान्यात उतरवं." एवढं बोलून ती मटकन खाली बसली. तिला खरंच चक्कर आली होती. नर्स धावत आली, तिला पाणी पाजलं, डोकं गुडघ्यांत घालून बसायला लावलं.

"पेशंट कोण आहे नक्की?" नर्सने विचारलं.

"मी," ताईबाई म्हणाली.

"आणि या?"

बेबाबाईने डोकं वर केलं. "मी यांची भावजय. सही कराले आलीय."

फॉर्मवर तिने सही केली, एकेक अक्षर वेगळं काढून. मग पिशवीतून डबा काढला. मेथीचं वरण आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. ताईबाईला संध्याकाळनंतर काही खायचं नव्हतं, म्हणून दोघींनी उजेड असतानाच खाल्लं. शेजारच्या खाटेभोवतीच्या माणसांतली तिघं निघून गेली. वॉर्ड जरा शांत झाला.

"तुला कुणी सांगितलं?" ताईबाईने विचारलं.

"फोन स्पीकरवर व्हता. माले बठ्ठं ऐकू उनं. ते हासनात, तुम्हीबी हासन्यात." बेबाबाईने डब्याचं झाकण लावलं. "पन तुमचं हासनं माले बरं वाटनं नही."

ताईबाईने चादरीची किनार सरळ केली. 

"अक्का, भ्याव वाटस का?"

किती साधा प्रश्न होता. एकवीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. ताईबाईने मान हलवली. आधी थोडी, मग जोरजोरात. आणि मग तिला रडू फुटलं. ती उशीत तोंड खुपसून रडली. बेबाबाईने तिला गप्प केलं नाही. ती पदर नाकाशी धरून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दवाखान्याच्या वासाने तिचाही जीव घाबरा होत होता, ते तिच्या हाताच्या घामावरून कळत होतं.

रडून झाल्यावर ताईबाईने तोंड धुतलं. बोलता बोलता मोरीतली ती दुपारही सांगून टाकली, ओल्या कपड्यांसकट. बेबाबाईने डोळे मोठे करून ऐकलं. "मंग? वाळनात का कपडा?" एवढंच तिने विचारलं. ताईबाईला हसू आलं, खरंखुरं.

"तुझे फार उपकार झाले, बेबा," ती म्हणाली. "सगळे तुला गाय गाय म्हणतात, आणि शेवटी तूच आलीस."

बेबाबाई पिशवीचे बंद गुंडाळत होती. बोटं थांबली.

"पहिल्यांदा तुम्हीच म्हटलं होतं," ती म्हणाली. आता ती सावरली होती, सासरच्यासारखं बोलत होती. "मला बघायला आले होते तेव्हा. आमच्या ओट्यावर तुम्ही यांना म्हटलं, पोर गाय आहे, डोळे मिटून कर. मी दाराआड चहा घेऊन उभी होती."

ताईबाईला ते आठवत होतं. आपण चांगलं बोललो होतो, असंच तिला इतकी वर्षं वाटत होतं.

"वाईट नव्हतं म्हटलं मी."

"नाहीच वाईट. माझी आई तर किती खूश झाली." बेबाबाई खिडकीबाहेर बघत होती. "मला तेव्हा अंगणवाडीची ऑर्डर आलेली होती, अक्का. आमच्याच गावची. दोन महिने थांबलं असतं तर रुजू झाली असती. पन मला कुणी विचारलंच नाही. मी नाही कशी म्हणणार? नाही म्हटलं तर बठ्ठे म्हटले असते, ही कसली गाय."

 माफी मागावी तर तीस वर्षं उलटून गेलेली. तिने बेबाबाईचा हात धरायचा प्रयत्न केला, पण हातावर सुई होती, पट्टी होती. तेवढ्यात नर्स रक्तदाब बघायला आली आणि तो विषय तिथंच राहिला.

सकाळी ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत बेबाबाई चालत आली. स्ट्रेचरवर ताईबाई तिला म्हणाली, "मला खूप भीती वाटतेय." बेबाबाई म्हणाली, "मालेबी." मग दार लोटलं गेलं.

ऑपरेशन नीट झालं. काढलेलं तपासायला पाठवलं, आठ-दहा दिवसांनी कळेल म्हणाले. तिसऱ्या दिवशी झिपरू आला, टोपलीभर केळी घेऊन, कपाळावर आठ्या घेऊन. बायकोकडे त्याने बघितलंही नाही. वॉर्डात शिरताच त्याने आवाज मोठा केला. "काय अक्का, कशी आहे आमची वाघीण? सिस्टर, ही कोण माहीत आहे का तुम्हाला?"

"नका सांगू," बेबाबाई म्हणाली.

झिपरू वळला. बायकोने आपल्याला चारचौघांत अडवलं, हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागला.

"त्यांना दुखतंय. बसा तुम्ही इथं जरा त्यांच्याजवळ," ती म्हणाली.

तो स्टुलावर बसला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. त्याने एक केळं सोललं, बहिणीपुढे धरलं. तिला अजून केळं चालत नव्हतं, म्हणून मग त्याने ते स्वतःच खाल्लं. अर्धा तास तो बसून राहिला.  जाताना बेबाबाईलाही तो घेऊन गेला, कारण मळ्यात माणसांचा स्वयंपाक होता. "घरी चला ना, अक्का," बेबाबाई म्हणाली. झिपरूही 'चल की' म्हणाला, पण दाराकडे बघत. ताईबाई म्हणाली, जाईन मी धुळ्याला.

दवाखान्याने ठरवून दिलेल्या गाडीतून ती एकटीच धुळ्याला आली. साबेराने तिला पोट धरून उतरताना पाहिलं. ती धावत आली, आधार देऊन आत नेलं, पाणी गरम केलं, आणि मग कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मला भावाकडे सांगितलं. झूट बोलल्या तुम्ही."

"काय सांगायचं होतं तुला?"

"जे होतं ते. मी काय परकी आहे?" साबेराच्या डोळ्यांत पाणी होतं. दोन दिवस ती रोज दोन वेळा खिचडी आणून द्यायची, पण दारातच भांडं ठेवून जायची. बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी ताईबाईनेच तिला हाक मारून आत बसवलं.

रिपोर्ट आला. दोष सुरुवातीचाच होता, पिशवीबाहेर गेलेला नव्हता. दर तीन महिन्यांनी दाखवायचं. फोनवर डॉक्टरबाईंचं ऐकून ताईबाई कितीतरी वेळ जमिनीवर बसून राहिली. मग तिने नीलेशला फोन केला आणि या वेळी न अडखळता सगळं सांगितलं. पिशवीचं, तुकड्याचं, दोषाचं.

 "आई, हे आधी का नाही सांगितलंस? बरं, असू दे. तू तर..."

"ते नको म्हणू, निलू."

"काय?"

"ते वाघीण-बिघीण. नको म्हणू मला."

"बरं." तो गोंधळला होता. "मग काय म्हणू?"

 "काही नको," ती म्हणाली. "शनिवारी यायला जमलं तर ये."

शनिवारी तो आला नाही. रविवारी सकाळी आला, एकटाच. तिने केलेलं जेवला आणि मग पलंगावर आडवा झाला तो चार वाजेपर्यंत उठला नाही. कामाने पार थकलेला होता. ताईबाई खुर्चीत बसून त्याच्याकडे बघत होती. त्याच्या कानाजवळ केस पांढरे झाले होते. तिला ते माहीत नव्हतं.

उठल्यावर त्याने तिची औषधं तारखा बघून नीट लावून ठेवली, रिपोर्टाचे फोटो काढले. पाच वाजता रिक्षा आली. तो वाकून पाया पडला, सरळ झाला आणि तसाच उभा राहिला. काहीतरी म्हणायचं होतं आणि नेहमीचं वाक्य तर आता म्हणता येत नव्हतं.

"घाबरू नकोस," शेवटी तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता.

"हो," ताईबाई म्हणाली.

रिक्षा कोपऱ्यावर वळेपर्यंत ती फाटकाशी उभी राहिली. मग आत येऊन तिने एकटीपुरता भात टाकला.